तिसरी गाठ

नाळ बांधताना मी दोन गाठी सरळ मारते आणि तिसरी उलटी. ही आईची पद्धत. तीही सुईणच होती. ती गेली, आता ही गाठ माझ्याच बोटांत उरली आहे. डॉक्टरबाई चेष्टा करतात, "प्लास्टिकचे चिमटे आलेत हो सिस्टर, अजून किती दिवस दोरा वळणार?"

त्या दुपारी मुलगा झाला. छान खणखणीत रडला. नाळ बांधून मी त्याला बाहेर आजीच्या मांडीवर दिला. पण पाऊण तास झाला तरी नाळेच्या मुळाशी असते ती वार पडेना आणि रक्त थांबेना. बाळंतिणीचे ओठ पांढरे पडत चालले. तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत तिला जुळं दिसलं होतं, पाचव्यात एकच. दुसरा गर्भ कधीकधी आतच जिरून जातो, त्यात नवल नाही.

तिला भूल दिली. डॉक्टरबाईंनी कोपरापर्यंत हातमोजा चढवून वार सोडवून काढली. ती ट्रेमध्ये पसरून, तुकडे जुळवून बघणं माझं काम. एवढीशी कपची आत राहिली तरी बाई हातची जाते. मी जुळवली. पूर्ण होती.

रक्त वाहतच होतं.

"अजून आहे काहीतरी." डॉक्टरबाईंनी पुन्हा हात घातला. "शी! सिस्टर, धरा हे."

दुसरी वार. तळहाताएवढी, काळपट, बुळबुळीत. फुलदाणीत महिनाभर कुजलेल्या पाण्याचा वास सुटला. तीस वर्षं मनात नाम घेत मी हे सगळं पुसलं, धुतलं. कधी किळस आली नाही. त्या दिवशी मात्र मी तोंड फिरवलं.

रक्त थांबलं.

"वाचली हो," डॉक्टरबाई भिंतीला टेकल्या.

मी ट्रे उचलला. त्या वारेलाही नाळ होती. टोक नुकतंच कापलेलं. दोऱ्यानं बांधलेलं.

दोन गाठी सरळ. तिसरी उलटी.

"ही केव्हा बांधलीत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी ट्रेवर झाकण घातलं.

बाळंतीण शुद्धीवर आली. मुलाला आणायला मी वळले, तशी ती पुटपुटली, "हळू, ताई. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

मुलगा बाहेर भुकेनं रडत होता.

तिचा डावा हात कशाला तरी कवेत घ्यावं तसा वळला होता. कुशीत काही नव्हतं. चादरीवर फक्त वीतभर खळगा, ओलसर. तोच वास.

खळगा हळूहळू वरखाली होत होता.