बकरी उतरलीच नाही

"मॅडम, तुमच्या बकरीले शेपूट आहे का नाही?"

ताट घेऊन माझ्यासमोर बसता बसता त्यानं विचारलं. श्रावणातला रविवार होता. यवतमाळच्या त्या सभागृहाच्या पत्र्यावर पाऊस तडतडत होता आणि बालसाहित्य मंडळाच्या मेळाव्याला जेवणाची सुट्टी झाली होती. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून तो माझ्यापुढे येऊन बसला… एवढंच. मी त्याला ओळखतही नव्हते.

आणि मला उत्तर देता येत नव्हतं. चातुर्मासात मी जेवताना बोलत नाही. आईचा नेम होता तो. ती गेल्यावर माझ्याकडे आला. मी ओठांवर बोट ठेवलं, जरा हसले आणि वरणभात कालवायला लागले.

"म्हणजे नाही? बरं… अन् शिंगं?"

मी मान खाली घातली.

"अन् बसमध्ये चढते तर तिकीट फुल लागते का हाफ? हे तरी सांगा. मले चित्रात सारी बस काढा लागते, मॅडम. कंडक्टरच्या हातात काय देऊ?"

सकाळच्या सत्रात मी माझी गोष्ट वाचली होती. दिग्रसची एक बकरी घरी कंटाळते आणि पुसदच्या एसटीत एकटीच चढून बसते, अशी. ती ऐकून कुणी बकरीच्या तिकिटाची काळजी करेल असं मला वाटलं नव्हतं. हसू दाबता दाबता मला ठसका लागला. त्यानं पटकन पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्याच्या नखांत निळा रंग सुकलेला होता.

हात धुऊन आले तेव्हा तो पायरीशी उभा होता, भिजत.

"आता सांगते," मी म्हणाले. "शेपूट आहे. शिंगंही आहेत, पण एक वाकडं. तिकीट हाफ, कारण कंडक्टरला तिचं वय विचारता येत नाही. आणि माझं जेवताना मौन असतं, म्हणून…"

"अरे बापा! अन् मी इकडे विचार करून राह्यलो, का ह्या मॅडमले आपली शकल आवडली नाही."

"तसं काही म्हटलं नाही मी."

"आवडली असंही नाही म्हटलं."

मी पावसाकडे बघत राहिले. "तुम्ही माझं नावसुद्धा विचारलं नाहीत," असं काहीतरी पुटपुटले.

"बिल्ल्यावर आहे ना. सुहासिनी, दिग्रस. जे लिहिलेलं आहे ते चित्रकारानं कायले विचारावं?"

त्याच्या बिल्ल्यावर होतं अश्वजित, नेर. तिथल्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा.

दुपारी चित्रकारांनी आपापल्या आवडीची गोष्ट उचलायची होती. त्यानं माझी उचलली. संपादन करणाऱ्या जयाताईंनी सगळ्या जोड्या समोर बसवल्या आणि नेहमीच्या ठाम आवाजात सांगितलं, "चित्रात जे दिसणार आहे ते लेखकानं लिहायचं नाही. जे लिहिलंय ते चित्रकारानं पुन्हा काढायचं नाही. आणि मेळाव्याबाहेर तुम्ही एकमेकांना फोन करायचा नाही. मजकूर, चित्रं, सगळं माझ्या हातून जाईल. नाहीतर तुम्ही एकमेकांच्या भिडेनं पुस्तक बिघडवता."

"फोन बी नाही?" अश्वजितनं विचारलं.

"बकरीबद्दल नाही."

"अन् बकरी सोडून?"

सगळे हसले. माझे कान तापले.

"पुस्तक छापून येईपर्यंत काहीच नाही," जयाताई म्हणाल्या. "मी तुमच्यासारखे पुष्कळ पाहिलेत."

मी लहानपणापासून नेमांत वाढलेली. सकाळी तुळशीला पाणी, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपास, सोमवारी महादेव. त्यात अजून एक. मला ते जड वाटलं नाही. तेव्हा तरी नाही.

*

पुढचा मेळावा थंडीत, नेरला होता. त्या दिवशी नेमकी संकष्टी. चित्रं टेबलावर मांडलेली होती आणि मी बघतच राहिले. खिडकीशी बसलेली बकरी, वाकडं शिंग बाहेर काढून… मागच्या बाकावर एक बाई झोपलेली, तिच्या पिशवीतली मेथी बकरी हळूच ओढतेय. ती मेथी मी कुठं लिहिली होती? त्यानं माझ्या दोन वाक्यांच्या मधली जागा शोधून तिथं ती ठेवली होती. मला वाटलं, आजवर माझं इतकं नीट कुणी ऐकलंच नव्हतं.

सुट्टीत तो म्हणाला, "घर जवळच आहे. आईनं बोलावलं. येता का?"

भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. खाली शेवंतीची फुलं. त्याची आई, कांताबाई, पदर सावरत पुढे आल्या. "बस माय. तुहा उपास हाय म्हणे. मी शेंगदाण्याची आमटी अन् भगर केली. भांडं बी येगळं घासून घेतलं… आमच्या घरचं चालते ना तुले?"

"चालतं की," मी म्हणाले आणि पाटावर बसले. भगर मऊ होती, तुपाची धार वरून. त्या समोर बसून मला बघत होत्या. दारात अश्वजित उभा होता, उगाच चौकटीला टेकून, उगाच बाहेर बघत.

"आमच्या घरचं खाल्लं तू," कांताबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या घरी आमचा पोरगा चालन का?"

घास हातात राहिला. डोळ्यांसमोर बाबा आले. कचेरीतून निवृत्त झालेले, मितभाषी, रोज संध्येला बसणारे माझे बाबा… मी ताटाकडे बघत बसले. बघतच बसले. कांताबाईंनी अजून थोडं तूप वाढलं आणि विषय बदलला.

बसस्टँडवर सोडायला तो आला. संध्याकाळ होत होती, थंडी अंगात शिरत होती.

"आई बोलली ते मनावर घेऊ नका," तो म्हणाला. मग थांबून, "म्हणजे… घ्या. मले तेच विचाराचं होतं."

मी शालीचं टोक बोटाला गुंडाळत होते.

"मी देवाले हात जोडत नाही. जोडणार बी नाही. पण तुमचे नेम मोडा, असं कधी म्हणणार नाही. संकष्टीले गच्चीवर उभा राहीन, चंद्र निघाला का सांगाले. तेवढं जमते मले."

"ढग आले तर?" मी विचारलं.

"तर काढून दाखवीन ना. चित्रकार कायले झालो?"

मला इतकं हसू आलं… आणि लगेच रडू. दिग्रसची गाडी लागली. खिडकीशी येऊन तो म्हणाला, "शेवटचं पान राह्यलं आपलं. पुसदले बकरी उतरते का नाही, ते तुम्ही ठरवा. उतरली, तर मी दिग्रसले येतो, तुमच्या वडलांकडे. नाही उतरली… तर समजून जाईन. पुन्हा विचारणार नाही."

गाडी हलली. मी हातसुद्धा नीट हलवला नाही.

*

बाबांना सांगायला मला पुष्कळ धीर गोळा करावा लागला. सांगितलं तेव्हा ते उठून संध्येला बसले. मग कितीतरी दिवस बोलले नाहीत. मी पान वाढायचे, ते जेवायचे, उठायचे. आणि एका सकाळी दाढी करता करता आरशातूनच म्हणाले, "घरी बोलाव त्याला. बघू काय माणूस आहे."

त्याच दुपारी मी शेवटचं पान लिहायला बसले. पुसदच्या स्टँडवर बकरी उतरली. खाली कोणीतरी हिरवा पाला घेऊन उभं होतं. वाचून पाहिलं. पुन्हा वाचलं. हे तर सगळं चित्रात दिसणार! जयाताईंनी शिकवलं होतं तेच. आणि उत्तर त्याच्याच हातानं उमटावं, मी एक शब्दही मध्ये आणू नये, यात मला काहीतरी फार सुंदर वाटलं. न लिहिलेली मेथी ज्यानं ओळखली, तो हेही ओळखेल. मी दोन्ही वाक्यं खोडली. जयाताईंना पाठवताना शेवटच्या पानावर काहीच लिहिलं नाही. त्यांनी ते कोरंच पुढे पाठवलं.

फोन करावा असं रोज वाटायचं. फोन हातात घ्यायचे, ठेवायचे. नेम म्हणजे नेम. तो येईलच, असं मनाशी म्हणायचे. अंगणात गाडीचा आवाज आला की बाबाही वर बघायचे.

*

तिसरा मेळावा आमच्या दिग्रसलाच झाला, उन्हं तापायला लागली तेव्हा. पुस्तक छापून आलं होतं. सभागृहात शिरले आणि थेट त्या टेबलाशी गेले. शेवटचं पान उघडलं.

बस पुसदच्या स्टँडवरून पुढे निघाली होती. मागची धूळ. मागच्या काचेतून वाकडं शिंग दिसत होतं. खाली फलाटावर कुणीच नव्हतं.

तो मागच्या नळाशी ब्रश धूत होता. मला बघून उभा राहिला.

"बकरी का नाही उतरली?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"तुम्ही उतरवलीच नाही."

"चित्रात दिसणार होतं ते! म्हणून खोडलं मी. चित्रात दिसतं ते लिहायचं नाही ना…"

त्यानं ब्रश नळाखालून बाजूला घेतला. नळ चालूच होता. मग हळू म्हणाला, "कोरं पान आलं. मी लय दिवस ते समोर घेऊन बसलो. मले वाटलं, आईनं विचारलं होतं तवा जसं तुम्ही काही बोलल्या नाही… तसंच."

"मला विचारायचं होतंत."

"पुन्हा विचारणार नाही म्हटलं होतं ना. अन् फोन केला असता तर तुमचा नेम मोडला असता मी."

मी सगळं सांगितलं. बाबा, आरसा, अंगणातला गाडीचा आवाज. पहिल्यांदाच काही न खोडता सांगितलं. आवडता तुम्ही मला, असंही म्हणाले… दिवसाउजेडी, ओल्या फरशीवर उभी राहून. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"काहून आता सांगता हो…" त्यानं नळ बंद केला. "आर्णीची वैष्णवी. आईनं पाह्यली. मागच्या महिन्यात साक्षगंध झालं, लग्न ठरलं. चांगली पोरगी आहे. सांगून टाकलं मी तिले, का तुह्याशिवाय कोणी नाही मनात. खोटं बोललो. पण शब्द दिला."

आत गोष्ट ऐकायला मुलं जमायला लागली होती; त्यांचा गलका येत होता.

"तुम्ही म्हणाल, तर…" तो म्हणाला.  पुढचं मला कळलं. त्याच्या डोळ्यांत ते पुरतं दिसत होतं. मी एक शब्द बोलले असते तर तो आर्णीला गेला असता, मान खाली घालून, आणि शब्द परत घेऊन आला असता.

आणि मग मी ज्याच्याकडे बघत आयुष्य काढणार होते, तो हा माणूस राहिला नसता. माझ्या उपासाला आईला भगर करायला लावणारा, माझा नेम राखायला स्वतः उगी राहणारा. हे सगळं मला एकदम समजलं, आणि समजलं म्हणून जास्तच दुखलं.

"नाही," मी म्हणाले. "शब्द दिलाय ना."

"राग आला?"

"तुम्ही मोडला असतात तर आला असता."

तो हसला, म्हणजे तसा प्रयत्न केला. "माणूस आपलं खरं असं नीट लिहून ठेवत का नाही, मॅडम?"

 जयाताईंनी आतून हाक मारली, "अरे, लेखिका कुठेत? चित्रकार? मुलं थांबलीत!" आम्ही दोघं आत गेलो. मी वाचलं, त्यानं फळ्यावर खडूनं बकरी काढली. मुलं हाफ तिकिटाला खदखदून हसली. मीही हसले, जिथं हसायचं तिथं. शेवटी एका चिमुरडीनं उभं राहून विचारलं, "मग ती कुठी गेली?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. "पुढे," मी म्हणाले.

घरी आले. बाबांनी विचारलं, "आला होता का तो?" मी म्हटलं, "आला होता. लग्न ठरलंय त्याचं." बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली.

सांजवात लावली. दिव्यापाशी बसून मी रोज माझ्या माणसांची नावं घेते. आईचं घेतलं, बाबांचं घेतलं. अश्वजितचं… तेही घेतलं, सवयीनं. मग थांबले. वात नीट केली. आणि वैष्णवीचं नाव घेतलं. तिनं काही वाईट केलं नव्हतं माझं.

नमस्कार केला. पण मान वर करून देवाकडे बघायचं होतं, ते मात्र त्या संध्याकाळी जमलं नाही.