रिकामा उजेड

लग्न उद्याचं होतं. आदल्या दिवशी दुपारचं जेवण उरकून फोटोकाका हॉलवर गेले, ते दिवे कुठे उभे करायचे तेवढं बघायला. काम तासाभराचं. नवरीनं मोबाईलवर चार-पाच फोटो पाठवून ठेवले होते आणि तिला तसेच हवे होते. जोडप्याच्या पाठीमागे फ्लॅश लपवायचा, पुढं अंधार ठेवायचा. मग केसांच्या, खांद्यांच्या कडा तेवढ्या उजळतात. पासष्टीला आलेल्या माणसानं हे नवं कशाला शिकावं, असं कुणी म्हणालं असतं. पण काका शिकले होते. नवरीच्या आईनं मुद्दाम निरोप धाडला होता, की माझं लग्न काकांनी टिपलं, लेकीचंही तेच टिपतील.

दुसरा कुणी असता तर या निरोपानं त्याची छाती फुगली असती. काकांना मात्र तेव्हापासून जेवण गोड लागत नव्हतं.

हॉल रिकामा होता. खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली, फिनेलचा वास. काकांनी जाड पडदे एकेक करून ओढले आणि भर दुपारी आत अंधार केला. एक फ्लॅश स्टँडवर चढवून स्टेजच्या मागच्या बाजूला ठेवला, दुसरा पुढं, बाकीच्या फोटोंसाठी, उजेड मऊ करणाऱ्या पांढऱ्या छत्रीत. जोडप्याच्या जागी एक खुर्ची मांडली, तिच्या पाठीवर स्वतःचा कोट अडकवला. फोटो काढायची घाई नव्हती. आधी नुसता उजेड बघायचा, सावली कुठे पडते ते बघायचं, अशी त्यांची जुनी रीत. फ्लॅशच्या पाठीमागे चाचणीचं एक बारीक बटण असतं. ते दाबलं की कॅमेऱ्याशिवाय नुसता उजेड पडतो.

त्यांनी बटण दाबलं. खुर्ची उजळली, विझली. स्टँड जरा डावीकडे सरकवला, पुन्हा दाबलं. फ्लॅश पुन्हा भरायला लागला, त्याची ती बारीक शीळ अंधारात चढत गेली. तिसऱ्या वेळी बटणावर अंगठा ठेवला आणि काकांना वास आला. फिनेलचा नव्हे. गरम इस्त्री ओलसर कापडावरून फिरली की येतो, तो.

उजेड पडला. खुर्चीशेजारी एक माणूस उभा होता.

हात मांड्यांना चिकटवलेले, गळ्याचं बटण लावलेलं, हनुवटी जराशी वर. पापणी लवायच्या आत अंधार झाला, पण डोळ्यांत ती आकृती हिरवट होऊन तरंगत राहिली.

म्हातारे डोळे, म्हणून काकांनी मनाची समजूत घातली. कॅमेरा उचलला आणि रीतसर फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर खुर्ची होती, कोट होता, मागची भिंत होती. मोठं करून कोपरान्‌कोपरा पाहिला. कुणी नव्हतं. आणखी दोन काढले, त्यांतही कोणी नव्हतं. मग कॅमेरा खाली ठेवला आणि नुसतं बटण दाबलं.

माणूस होता. आता खुर्चीच्या पुढं.

अंधार झाला आणि त्या अंधारातून हळू, भिडस्त आवाजात कुणी विचारलं, "झाला...?"

काका स्टेजच्या पायरीवर बसले. हा आवाज त्यांनी एकदाच ऐकला होता, तीस वर्षांपूर्वी, पण तो काही केल्या कानातून गेला नव्हता.

तेव्हा रिळाचे दिवस. उद्याच्या नवरीची आई त्या दिवशी स्वतः नवरी होती. तिचे आईबाप लहानपणीच गेलेले. तिला वाढवलं तिच्या मामानं. मामा शिंपी. लग्नातला एकूण एक कपडा त्यानंच शिवलेला, आणि स्वतः कोपऱ्यात उभा. चारदा काकांजवळ आला आणि चारदा काही न बोलता मागे फिरला. पाचव्यांदा म्हणाला, की आयुष्यात माझा फोटो कधी निघाला नाही, एकट्याचा एक घ्याल का. काकांच्या रिळात तीनच फोटो उरले होते आणि ते नवरा-नवरीच्या निरोपासाठी ठेवायचे होते. नाही म्हणायला त्यांची जीभ उचलेना. तेव्हा त्यांनी धंद्यात सगळे करत तेच केलं. कॅमेरा डोळ्याला लावला आणि फ्लॅशच्या मागचं बटण दाबून नुसता उजेड उडवला. माणूस खूश, रीळ शाबूत.

मामा श्वास कोंडून उभा होता. उजेड पडून गेला तरी हलेना. मग त्यानं विचारलं, "झाला?"

काका म्हणाले, "झाला. झकास आला."

आठव्या दिवशी मामा मशीनवर बसल्या जागी गेला. ती पोरगी सासरहून रडत दुकानात आली, मामाचा फोटो मागायला. काकांनी सांगितलं, रिळाला उजेड लागला, तेवढाच खराब झाला. तिनं विश्वास ठेवला. जाताना उलट काकांनाच म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

हॉलचं दार उघडलं, तसे काका दचकले. नवरीची आई होती, हातात चहाचा थर्मास.

"अंधारात काय करताय, काका? डुलकी काढत असाल तर आजच काढून घ्या. उद्या झोपलात तर जावई लग्न झालंच नाही म्हणायला मोकळा."

काकांनी हसायचा प्रयत्न केला. तिनं चहा ओतून दिला आणि शेजारी पायरीवर बसली. थोडं इकडचं तिकडचं बोलली, केटररला नावं ठेवली. मग तिचा आवाज खाली आला. म्हणाली, हल्ली म्हणे खराब रिळंसुद्धा दुरुस्त करतात. तुम्ही काही टाकून देत नाही, ते रीळ कुठे असेल का? लेकीला मामाआजोबा कसे होते ते माहीतच नाही.

"आणि खरं सांगू का काका... मलाही आता त्याचा चेहरा नीट आठवत नाही."

काकांनी हातातला कप खाली ठेवला.

"पोरी, रीळ खराब झालं नव्हतं. मी फोटो काढलाच नव्हता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मान खाली घालून, फरशीकडे बघत. कुणी एवढा विश्वास टाकावा आणि आपण त्याला नुसता उजेड दाखवून वाटेला लावावं, याची लाज तीस वर्षं पोटात होती. आता ती कानापर्यंत चढली. नवरीची आई रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिनं एवढंच विचारलं, की तेव्हा मामा हसत होता का.

"नाही. हललो तर फोटो बिघडेल म्हणून श्वास रोखून उभा होता."

"असं किती जणांना केलंत, काका?"

"एकदाच," काका म्हणाले. "फक्त त्यालाच."

हे बोलताना त्यांची जीभ अडखळली. मग काकांनी खुर्चीकडे बोट केलं आणि मघाशी काय दिसलं तेही सांगितलं. वाटलं, आता ही उठून जाईल. ती उठली, पण गेली नाही. दार लोटून आली, स्टेजकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "दाबा."

काकांनी उठून पुढच्या फ्लॅशपाशी जाऊन डोळे मिटले आणि दाबलं.

तिच्या तोंडून हुंदका निघाला. "मामा... भुवईवर व्रण होता त्याच्या. मी विसरलेच होते." मग ओल्या आवाजात म्हणाली, "पुन्हा."

काकांनी पुन्हा दाबलं. मिटल्या पापण्यांवर लाल उजेड येऊन गेला. इस्त्रीचा वास आता इतका दाट झाला होता, की फिनेलचा वास उरलाच नव्हता. ती रडत होती आणि मधूनच हसत होती. आणखी एकदा 'पुन्हा' म्हणाली. शीळ चढली, थांबली. काकांनी दाबलं.

या वेळी ती रडलीही नाही, हसलीही नाही.

"काका..." ती अगदी हळू म्हणाली. "मामाच्या मागे ही बाकीची माणसं कोण आहेत?"

काकांनी मान वर केली नाही.

"म्हातारेकोतारे आहेत. कडेवर पोर घेतलेली एक बाई आहे. पार स्टेजमागच्या दारापर्यंत रांग आहे, काका. कुणी केस सारखे करतंय, कुणी पदर..." ती एक पाऊल मागे सरली. तिचा हात काकांच्या खांद्यावर पडला, बर्फासारखा गार. "फ्लॅश विझला ना?"

"विझला."

"मग ते मला अजून कसे दिसतायत?"