चोवीस तासांची वही

त्या दिवशी चैतालीची खरं तर सुट्टी होती. सोबत काम करणारी टेक्निशियन आजारी पडली, म्हणून तिला गंगापूर रोडवरच्या हॉस्पिटलात यावं लागलं... आणि पहिलाच पेशंट आला तो मल्हारी. सटाण्याहून कांद्याची पिकअप चालवणारा, उंचापुरा आणि लाजरा. निदान तिला तरी तसा वाटला! पंधरा दिवसांपूर्वी चक्कर आली होती, म्हणून आईने त्याला बळेच धाडलं होतं. ती छातीवर वायरी चिकटवत होती आणि तो छताकडे बघत होता. ठोके नोंदवणारं हे मशीन चोवीस तास कमरेला राहील, धडधडलं किंवा गरगरलं की वहीत वेळ लिहा, असं तिने बजावलं.

दुसऱ्या दिवशी त्याने वही पुढे केली. 'अकरा वीस – लई धडधड, मॅडम वायरी लावत होत्या. पाच दहा – धडधड, मॅडमना फोन केला. सहा – पुन्हा, त्यांचा आवाज आठवून.'

"वायर निघाली म्हणून फोन केला होतात ना?"

"निघाली नव्हती," तो खाली बघत म्हणाला. "मीच काढली होती..."

चैतालीचे कान तापले. हसू दाबत तिने रेकॉर्डिंग लावलं. अकरा वीसला ठोके जरा भरभर होते, पण अगदी ओळीत. कागदावर एवढी धडधड आणि इथे एकही ठोका चुकलेला नाही, म्हणून तिने त्याची चांगलीच फिरकी घेतली.

मग तिचा हात माउसवरच थिजला. पहाटेचे तीन चाळीस. ठोके येत होते, येत होते – आणि पुढे नुसती सपाट रेघ. चार सेकंद! दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिने घाईने वही उलटली. 'पावणेचार – काही नाही. राहुड घाट उतरतोय, मस्त वाटतंय.'

तशीच ती डॉक्टरांकडे धावली. आजच ॲडमिट व्हायचं, पेसमेकर बसवायचा आणि तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मल्हारी मात्र हसण्यावारी नेत होता. त्याला तर काहीच झालं नव्हतं, गाडी भरून उभी होती, सोमवारी बघू म्हणे. त्याने टेबलावरची चावी उचलली.

चैतालीने ती हिसकावूनच घेतली.

"तुम्हाला धडधडलं तेव्हा काही बिघडलं नव्हतं. काहीच जाणवलं नाही, तेव्हा हृदय बंद पडलं होतं. गाडी चालवताना, मल्हारी!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो स्टुलावर मटकन बसला. त्याने विचारलं, "मग ती धडधड... खोटी होती?"

"नाही." तिला रडू येत होतं, स्वतःचा रागही येत होता. एका दिवसाच्या ओळखीवर काय हे! "माझंही कालपासून तेच चाललंय. आणि मला ते पुष्कळ वर्षं हवंय. म्हणून आज ॲडमिट व्हा."

मल्हारीने आईला फोन लावला आणि आपण ॲडमिट होतोय, एवढंच सांगितलं. फोन ठेवून त्याने चावीसाठी हात पुढे केला, तशी तिने ती पर्समध्ये टाकली.

"बरे होऊन मागायला या," ती म्हणाली. पर्सची चेन काही केल्या लागेना.