दोघांनी पाहिलेला बगळा

अकेयोने तळलेल्या गोड मंदाझीचा पहिला घास तोंडात टाकला, तेवढ्यात एक उंचेला तरुण धावत येऊन तिच्या रिक्षाच्या मागच्या सीटवर आदळला. गळ्यात दुर्बीण, शर्टाची बटणं खालीवर लागलेली, चेहरा घामाने निथळलेला.

"त्या बगळ्याच्या मागे घ्या," तो धापा टाकत म्हणाला.

किसुमूतल्या किबुयेच्या बाजाराबाहेर रिक्षा लावायला लागल्यापासून अकेयोने तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. मांडीवर बकरी घेऊन बसणारी, भांडण अर्ध्यावर टाकून चढणारी आणि उतरल्या उतरल्या ते पुढे सुरू करणारी... पण पक्ष्याचा पाठलाग करणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

"पत्ता सांगा, साहेब."

"पत्ता त्यालाच ठाऊक," त्याने वर बोट दाखवलं.

पत्र्याच्या छपरांवरून तो पक्षी चालला होता. मान दुमडलेली, पाय मागे ताणलेले, आणि पंखांची चाल अशी संथ, की त्याला कुठेच वेळेवर पोचायचं नसावं. एरवी अकेयोने या वेड्याला खाली उतरवून मंदाझी संपवली असती. पण त्या दिवशी तिला स्वतःलाच घरापासून लांब जायचं होतं. मावशीने दुपारी जेवायला एक पाहुणा बोलावला होता – कुणी शाळामास्तर, चांगल्या घरचा. अकेयोने लवकर घरी यावं, केस नीट करावेत आणि हसतमुख बसावं, असं फर्मान सुटलं होतं. तिने उरलेली मंदाझी काचेजवळ ठेवली, रिक्षा सुरू केली आणि मोटारसायकलींच्या गर्दीत घुसवली.

"डावीकडे... नाही, तो वळला. उजवीकडे, उजवीकडे."

"वळताना हात दाखवत नाही का हो तुमचा बगळा?"

तो हसला. अर्धा बाहेर लोंबकळत हसला. आरशात तेवढं हसू दिसलं, आणि अकेयोने नकळत वेग वाढवला.

बगळा उतरला तो न्यालेंडाच्या सांडपाण्याच्या तळ्यांवर. अकेयोने नाकाला रुमाल लावला. पण त्या माणसाला वास येतच नसावा. त्याने तिच्या हातात दुर्बीण दिली, मागून न शिवता नुसतं बोटाने दाखवलं – त्या लव्हाळ्यांच्या डाव्या हाताला. आधी नुसतं हिरवं दिसलं. मग हिरव्यातून एक मान वर आली. विटकरी रंगाची, तिच्यावर शाईने ओढावी तशी काळी रेघ, आणि पिवळाजर्द, निर्विकार डोळा. लहानपणापासून अकेयोने बगळे पाहिले होते, पण बगळ्याने आपल्याकडे रोखून पाहिलेलं तिला माहीत नव्हतं. मान विजेसारखी सुटली. चोचीत बेडूक होता.

"अगंबाई," ती पुटपुटली.

"बघितलात? नक्की? खोटं चालणार नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. शहरातल्या पक्षीमंडळाची आज बगळ्यांची शर्यत होती. जोडीजोडीने निघायचं, किसुमूत आणि आसपास सूर्य मावळेपर्यंत जेवढ्या जातींचे बगळे दिसतील तेवढे शोधायचे. पण दोघांनीही पाहिला तरच तो बगळा मोजायचा. एकट्याने पाहिलेला फुकट. दरवर्षी ओगोला गुरुजी आणि त्यांच्या बाई जिंकायचे, आणि बाई वर्षभर भेटेल त्याला ते सांगायच्या. या वर्षी त्यांना हरवायचंच, असं याने आणि याच्या मित्राने ठरवलं होतं. आणि त्या मित्राने आज सकाळी कळवलं, की तो येऊ शकत नाही, आईने मुलगी बघायला पाठवलंय.

"बिचारी मुलगी," अकेयो म्हणाली.

"बिचारा मी," तो म्हणाला. "दिवसभर माझी जोडीदार व्हाल का? शर्यतीतली," त्याने घाईघाईने जोडलं.

"मला बगळ्यांतलं काही कळत नाही."

"कळण्याचं मी बघतो. तुम्ही नुसतं बघा."

त्याचं नाव ओयुगी. मोठ्या इस्पितळात क्ष-किरण विभागात कामाला होता. म्हणजे माणसांच्या आतलं दिसतं की काय तुम्हाला, असं अकेयोने विचारलं. फक्त हाडं, तो म्हणाला. बाकीचं ओळखायला अजून यंत्र आलेलं नाही... आणि एवढं बोलून तो उगाच दुर्बिणीच्या काचा पुसत बसला.

मग ती सकाळ जी उधळली! चर्चच्या हिरवळीवर एक लग्न चाललं होतं आणि वऱ्हाडापासून चार हातांवर काळ्या डोक्याचा बगळा टोळ टिपत फिरत होता. त्याला नीट बघायला दोघं वऱ्हाडात मिसळली, आणि नवरीच्या आत्याने त्यांना फोटोतही उभं केलं. होड्यांच्या धक्क्यावर राखी बगळा मासे साफ करणाऱ्या बायकांच्या मागे चोरासारखा उभा होता. कालव्याच्या काठाला चिखलाच्याच रंगाची ढोकरी होती. ती उडाली तेव्हा चिखलातून एकदम पांढरे पंख उघडले, आणि दोघांच्याही तोंडून एकाच वेळी 'हा' निघाला. डुंगाच्या किनाऱ्यावर पपायरसच्या उंच लव्हाळ्यांच्या कडेला महाकाय बगळा दिसला. एवढा मोठा, की अकेयोला आधी वाटलं, कुणी माणूसच पाण्यात उभा आहे.

रातबगळा मात्र सापडेना. तो दिवसा झाडात झोपतो, ओयुगी म्हणाला, आणि एका आंब्याखाली मान वर करून गोल गोल फिरू लागला. अकेयो रिक्षाला टेकून उभी होती. पानांत तिला एक लाल डोळा दिसला.

"अरे, इकडे ये ना. तुझ्या डोक्यावरच आहे. वर बघ, वर!"

त्याने पाहिलं. मग बगळ्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण त्याला अरे म्हणालो.

"आता परत अहो नको," तो हळूच म्हणाला.

"बघू," ती म्हणाली. पण गाल तापले होते, आणि ते उन्हाने नव्हते.

दुपारी सरोवरावरून ढग चढून आले आणि बघता बघता पाऊस कोसळायला लागला. रिक्षाचे पडदे सोडून दोघं आत बसली. मागच्या सीटवर, मध्ये भाजलेल्या कणसांची पुडी. पावसाचे थेंब टपावर असे वाजत होते, की बोलायला जवळ सरकावं लागत होतं. ओयुगीने तिच्या कपाळावर चिकटलेली बट बाजूला करायला हात उचलला... आणि फोन वाजला.

मावशी. आवाज पावसालाही भारी. पाहुणा येऊन बसलाय, निळा टाय लावून आलाय, दोन वेळा मासा वाढून घेतलाय, किबोसच्या शाळेतला ओबात मास्तर, आणि तू कुठे उलथली आहेस? अकेयोने पावसाचं कारण सांगून फोन ठेवला, आणि हसत हसत सगळं ओयुगीला सांगितलं.

तो हसला नाही. मक्याचं कणीस हातातच राहिलं.

"ओबात," तो म्हणाला. "उंच? हसताना डोळे मिटतो?"

"मला काय माहीत? मी कुठे पाहिलंय त्याला?"

"मी पाहिलंय. लहानपणापासून. आज माझ्याबरोबर तोच येणार होता."

पाऊस पडत राहिला. दोघांच्या मधली पुडी एकदम मोठी वाटायला लागली. थोड्या वेळाने ओयुगी म्हणाला, की तो इथेच उतरेल. मित्राने विश्वासाने आजचा दिवस आपल्यावर सोपवला, आणि आपण त्याच्याच... अकेयोला राग आला. तिने विचारलं, मला कुणी विचारलं होतं का? पाहुणा मावशीने बोलावला, मासा मावशीने तळला, मी कुणाला हो म्हटलेलं नाही. आणि मी काही खुर्ची नाही, की कुणी आधी रुमाल टाकला म्हणून त्याची झाले.

"तसं नाही... तुम्ही रागावू नका," तो म्हणाला.

तुम्ही. एवढासा शब्द, पण अकेयोला तो चपराकीसारखा लागला. ती पुढे जाऊन बसली. "शर्यत पुरी करू," ती म्हणाली. "मग उतरायचं तिथे उतरा."

संध्याकाळी पाऊस थांबला. सगळं शहर धुतल्यासारखं चमकत होतं. वाटेत ओगोला बाई भेटल्या. छत्रीवाला सोडून सगळे दिसले, असं त्यांनी गाडीच्या खिडकीतून सांगितलं. म्हणजे बरोबरी होती. तो एक सापडला, की जिंकलो.

छत्रीवाला बगळा म्हणजे काय, ते अकेयोला ठाऊक नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. डुंगाच्या अलीकडे, जलपर्णीच्या कडेला उथळ पाणी साचलं होतं, तिथे दोघं उभी राहिली. ती एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. ऊन तिरपं झालं होतं.

आणि मग जलपर्णीमागून एक छोटा, पाटीसारखा काळा बगळा चालत आला. पिवळी बोटं. दोन पावलं टाकली आणि एकदम दोन्ही पंख पुढे घेऊन त्यांचा घुमट केला, आणि स्वतःच डोकं आत घालून त्या सावलीत उभा राहिला. जणू पाण्यात कुणी काळी छत्री उघडून ठेवली. छत्री मिटली. चार पावलं... पुन्हा उघडली. अकेयोचा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. तिचा हात तोंडावर गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती हसत होती. बगळ्याने एक चंदेरी मासा गिळला, आणि जलपर्णीवरून उडून तो दिसेनासा झाला.

"पाहिलास?" ती वळली.

ओयुगी तिच्याकडे बघत होता. दुर्बीण छातीवर लोंबत होती.

"कुठे?" तो म्हणाला.

डुंगाच्या किनाऱ्यावर, तळलेल्या माशांच्या धुरात, मंडळातली सगळी माणसं जमली होती. आणि टपरीला टेकून, निळा टाय खिशात कोंबून ओबात उभा होता. मुलगी आलीच नाही, तेव्हा निदान शर्यतीचा शेवट बघावा म्हणून आला होता. अकेयोला पाहून त्याच्या भुवया वर गेल्या. मावशीने त्याला फोटो दाखवला असणारच.

ओगोला बाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "मग? छत्रीवाला?"

"दिसला," अकेयो म्हणाली.

"दोघांना?"

अकेयोने ओयुगीकडे पाहिलं. हो म्हणायला त्याला काहीच लागणार नव्हतं. त्या पाण्याकाठी तिसरं कुणी नव्हतं.

"नाही," ओयुगी म्हणाला. मग ओबातकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाला, "मी तेव्हा हिच्याकडे बघत होतो. सकाळपासून हिच्याकडेच बघतोय. तुझं जेवण हिच्याकडेच होतं, हे मला दुपारी कळलं. कळल्यावर थांबायचा प्रयत्न केला... जमलं नाही."

ओबातने खिशातला टाय आणखी आत कोंबला.

"मी तुला फक्त बगळे बघायला जागा सोडली होती रे," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. ओबात हसला नाही. अकेयो पुढे झाली. तुमच्यासमोर येऊन नाही म्हणायला हवं होतं, ते न करता पळाले, ती चूक माझी, असं तिने त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तुमच्या मावशीचा मासा फार चांगला होता, एवढंच म्हणाला. मग ओयुगीच्या खांद्यावर जरा जोरातच एक थाप दिली – लागावी अशी – आणि उद्या बोलू म्हणून निघून गेला. शर्यत बरोबरीत सुटली. ओगोला बाईंना ते अजिबात आवडलं नाही. गुरुजी मात्र बायकोचा हात धरून गालातल्या गालात हसत होते.

"आता?" ओयुगीने विचारलं.

"आता मावशी," अकेयो म्हणाली. "चल. तुझं तू सांग."

मावशी दारातच उभी होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भिजलेला, चिखलाने माखलेला, गळ्यात दुर्बीण. अकेयोने सरळ सांगून टाकलं, की हा ओयुगी, आणि मला हा आवडलाय. मावशीने त्यालाच विचारलं,

"कुठल्या कुळाचा?"

दिवसभरात हा प्रश्न अकेयोच्या मनातच आला नव्हता. एकाच रक्ताची निघालो, तर इथेच सगळं संपलं.

"उयोमाचा, मावशी."

"माझी आजी उयोमाची."

ओयुगीचा चेहरा उतरला. मावशी आता त्याला एकेक विचारू लागली. घर कुठल्या बाजूला, आजोबांचं नाव काय, त्यांचे भाऊ कोण, कुणाला कुठे पुरलं. तो उत्तरं देत होता, आणि ती बोटांवर मेलेल्या माणसांना जोडत, तोडत, पुन्हा जोडत होती. अकेयो दाराची चौकट धरून उभी होती.

"तुझी माणसं किनाऱ्याकडची," मावशी म्हणाली. "आजी डोंगराकडच्या घरातली. ती वेगळी." आणि थोडं थांबून, "आईचं माहेर?"

"अलेगो."

"तिथे आपलं कुणी नाही." मावशीने मोठा श्वास सोडला. "बूट बाहेर काढ, घर आत्ताच सारवल्यासारखं पुसलंय. आणि अकेयो, उगालीला पाणी ठेव, मक्याचं पीठ डब्यात आहे. त्या मास्तराने काही उरवलेलं नाही."

ती आत गेली. ओयुगी पायरीवर बसून नाडी सोडू लागला, पण चिखलाने गाठी घट्ट बसल्या होत्या. अकेयो त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. तिने दुसरा बूट आपल्या मांडीवर घेतला आणि गाठ सोडवू लागली. दोघांची डोकी इतकी जवळ आली, की त्याच्या केसांतला पावसाचा वास तिला आला.

"ठेवलंस का पाणी?" आतून हाक आली.

"ठेवते, मावशी," अकेयो म्हणाली, आणि उठली नाही.