चार बोटं उंच

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते गुडघ्यापासून खाली. दुकानात खडू उचलायला वाकले आणि कंबर अशी धरली, की सरळच होता येईना! एक हात टेबलावर, नजर जमिनीवर... आणि समोर दोन चपला, अंगठ्यावर लाकडाचा भुसा.

"शर्ट शिवायचा होता..." चपला थबकल्या. "अहो, काय झालं?"

"दिसत नाही का? काटकोनात आहे मी!"

"ओढाताण नको. दोन्ही हात टेबलावर... गुडघे जरा वाकवा... आता श्वास सोडत वर या."

वर आले. कानामागे पेन्सिल, तपकिरी डोळे. सुतार होता.

"गल्लीत नवीन आहात?"

तो नुसता हसला.

कण्हत कण्हत त्याचं माप घेतलं. "काही खास आहे वाटतं?"

"एकीला विचारायचंय... लग्नाचं."

मला उगाच वाईट वाटलं. अर्ध्या तासाची ओळख, आणि हे काय भलतंच!

संध्याकाळी डॉक्टरकाकू म्हणाल्या, "हाड शाबूत आहे, स्नायू धरलेत. अंथरुणात पडून राहू नकोस, थोडं थोडं चाल. आणि दिवसभर कशावर वाकतेस ते शोध, नाहीतर पुन्हा येशील."

शोधायचं काय? बाबांचं कापड बेतायचं टेबल! बाबा माझ्या खांद्याला लागायचे. टेबल त्यांच्या मापाचं. ते गेल्यापासून मी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता.

"मग दुकान बंद कर," आई चिडली. "टेबल की कंबर, एकदाचं ठरव."

दोन दिवस मी घरातल्या घरात फेऱ्या मारत रडले. तिसऱ्या दिवशी दुकानात पाऊल टाकलं आणि किंचाळलेच. बाबांचं टेबल चार बोटं उंच झालं होतं, आणि तो सुतार त्याच्याखालून बाहेर येत होता!

"कुणाला विचारून? पाय बदललेत बाबांच्या टेबलाचे?"

"खिळासुद्धा ठोकला नाही. पायांखाली ठोकळे ठेवलेत फक्त. किल्ली तुमच्या आईंनी दिली. नको म्हणाल तर आत्ता काढतो."

"आणि उंची कशी ठरवलीत?"

"तुम्ही माझं माप लिहून घेत होतात ना... तुमचं कोपर माझ्या शर्टाच्या खालून दुसऱ्या बटणाच्या रेषेत होतं. घरी जाऊन त्या बटणाची जमिनीपासूनची उंची मोजली."

मी थक्क! रागारागानं कापड पसरलं, कात्री चालवली — आणि कंबर वाकलीच नाही. बाबांच्या हातचे खडूचे डाग तसेच होते माझ्या हाताखाली. डोळे भरून आले. ते लपवायला मान वर केली, तर समोर खिडकी. रस्त्यापलीकडे सुतारकामाचं दुकान, रंधा मारायचं बाक थेट माझ्यासमोर. तिथली ठकठक मी रोज ऐकत होते, पण वर कधी पाहिलंच नव्हतं.

"ते... तुमचं?"

"दोन वर्षं झाली. रोज बघतो. नुसता तुमचा भांग दिसतो."

मी कात्री खाली ठेवली. "आणि ती... जिला विचारायचंय?"

कानामागची पेन्सिल त्यानं उगाच काढली, पुन्हा खोचली. "तिनं एकदा मान वर करावी, एवढीच वाट बघत होतो."

मी मान खाली घातली नाही.

"शर्ट गुरुवारी मिळेल," मी म्हटलं. "तुम्ही मात्र आत्ताच विचारा."