तो ‘करडी’ म्हणाला होता

सिंधु किनवटच्या जंगलाकडे निघाली ती गुरं जगवायला, असं सगळं गाव समजत होतं. खरं तर ती एका माणसाचा जीव घ्यायला निघाली होती. त्या माणसाचं नाव वीरण्णा.

औसा तालुक्यातलं तिचं गाव त्या साली पार करपून गेलं होतं. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता आणि साहेब लोक आपापल्या खुर्च्या शोधत होते. चाऱ्याची छावणी कुठं उघडायची हे ठरेपर्यंत अर्ध्या गावाची जनावरं मातीमोल भावानं बाजारात गेली. सिंधुचा चुलता शेषेराव एके सकाळी उठला आणि म्हणाला, "साहेबाच्या भरवशावर बसलो तर दावणीला नुसते खुंटे उरतील. जंगल गाठायचं."

सोबत धुरपताबाई निघाली. बौद्धवाड्यातली ही एकटी बाई दोन गाई आणि चार माणसांना पुरेल एवढी जीभ बाळगून होती. सिंधुच्या कमरेचा कोयता पाहून ती म्हणाली, "बाई गं, गवत कापाया चाललीस का लढाईला?"

"वाटंत काटे असत्यात," सिंधु म्हणाली. धुरपताबाईनं शेषेरावाकडं पाहिलं, शेषेरावानं आभाळाकडं. त्या पोरीला फार विचारायची सोय उरली नव्हती.

एके काळी ती अशी नव्हती. वर्गात मोठ्यानं हसली म्हणून बाकावर उभी राहणारी पोर होती ती. दोन वर्षांमागं पावसानं अशीच दडी मारली, तेव्हा ती बापाबरोबर, ज्ञानोबाबरोबर, याच जंगलाच्या कडेला गुरं घेऊन आली. मुक्कामाजवळ एक करडीचं वावर होतं. शहरातले लोक करडई म्हणतात. मराठवाड्यात ती करडीच. शेजारी भालकीकडचा कानडी गुराखी उतरला होता, वीरण्णा. त्याला मराठीची चार अक्षरं येत होती, तीही अडखळत.

एका पहाटे सिंधुची कालवड सुटली. ज्ञानोबा लांब बांधावर उभा राहून शोधत होता. तेवढ्यात नाल्याकडून वीरण्णा दोन्ही हात नाचवत पळत आला. "करडी! करडी!" असं ओरडत त्यानं मागं बोट दाखवलं. सिंधुनं बापाला हाक घातली, "आबा, कालवड करडीत शिरली म्हणतोय!" ज्ञानोबा हसला, काठी खांद्यावर टाकली आणि वावरात शिरला. करडीच्या मागच्या बोरीच्या जाळीत दोन पिल्लं घेऊन अस्वलीण बसली होती. पुढचं सिंधुनं पाहिलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

वीरण्णा मात्र न थांबता पळत सुटला होता. सांज व्हायच्या आत त्यानं आपली गुरं हाकलली आणि तोंड काळं केलं.

तेव्हापासून ती ‘अस्वलानं बाप मारलेली पोरगी’ झाली. शाळा सुटली, हसणं सुटलं. एक स्थळ आलं, तर ही पाहुण्यांसमोर कोयत्याला धार लावत बसली. पाहुणे चहासुद्धा न घेता उठले. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. अस्वल मुकं जनावर; त्याच्यावर काय राग धरायचा? पण या माणसानं खोटं सांगून आबाला अस्वलाच्या तोंडी दिलं, आणि तेही तिच्या तोंडून! हाळीच्या गुरांच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं सहज सांगितलं की भालकीचा वीरण्णा यंदाही इसलापूरच्या पुढं जंगलात उतरलाय. त्या दिवशी सिंधुला खूप दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

वाट मोठी बिकट होती. अहमदपूर, लोहा मागं पडलं. नांदेडला गोदावरीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त होती. भोकरच्या पुढं शेषेरावाचा म्हातारा बैल बसला तो उठलाच नाही. शेषेरावानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, गळ्यातली घंटा सोडून घेतली आणि मागं न बघता चालू लागला. सिंधुनं ते मरणही वीरण्णाच्या खात्यावर टाकलं. बाप असता तर ही वेळ आली नसती, असं प्रत्येक ठेचेला तिला वाटत होतं.

जंगल लागलं आणि जरा सावली मिळेल म्हणावं, तर समोर वणवा!

सागाची वाळली पानं धडाडून पेटली होती. धूर आला. गुरं बिथरली. धुरपताबाईची गाय उलटी फिरली आणि आगीच्याच दिशेनं उधळली. सिंधु तिच्यामागं धावली. शिंगाला हात घातला, वेसण पिळली, गाय वळवली! "काळ्यावरनं चला," ती ओरडली, "जळून गेलंय तिकडनं!" जळून विझलेल्या राखेवरून तिघं गुरं हाकत पळत सुटली. तळव्यांना चटके बसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पलीकडच्या खडकाळ माळावर पोचल्यावर धुरपताबाईनं गाईच्या गळ्याला मिठी मारली. "पोरी, तुझ्यात भीती म्हणून घातलीच न्हाई का देवानं?" तिनं विचारलं.  सिंधुच्या मनात भीती होती, पण तिच्यावर दुसरं काहीतरी चढून बसलं होतं.

माळाच्या टोकाला गुराख्यांचा तळ होता. ओढा आटला होता, जनावरं जिभा काढून उभी होती. आणि तिथं, एका पळसाखाली, दोर वळत वीरण्णा बसला होता.

तो जरा वाळला होता, दाढी पिकली होती. त्यानं सिंधुला पाहिलं आणि मान खाली घातली. ओळखलं त्यानं! त्या खाली गेलेल्या मानेत तिला सगळी कबुली दिसली. शेषेरावानं त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, नाव तेवढं त्याच्या काळजावर कोरलेलं होतं. सिंधुनं चुलत्याला काही सांगितलं नाही. तो आधी धावून गेला असता, आणि तिला हे काम स्वतःच्या हातानं करायचं होतं.

संधी दुसऱ्याच दिवशी चालून आली. जवळपास पाण्याची एकच जागा उरली होती, आणि ती तळावर वीरण्णालाच ठाऊक होती. पैनगंगेकडे उतरणाऱ्या दरीत उभ्या कड्याखाली एक डोह होता, आणि तिथं दोरावरूनच उतरावं लागे. त्याचा जोडीदार तापानं फणफणला होता. बाकीचे गुराखी चाऱ्यासाठी रानात पांगले होते, शेषेराव भरकटलेला गोऱ्हा शोधायला गेला होता. "दोर कोण धरेल?" वीरण्णानं खुणेनं विचारलं.

"मी येते," सिंधु म्हणाली.

भर दुपारी दोघं कड्यावर पोचली. वर खडक, खाली खडक, मधे धावड्याचं एक झाड. पद्धत साधी होती. मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोरखंड. त्याचं एक टोक उतरणाऱ्याच्या काखेत, मग झाडाला एक वेढा, आणि दुसरं टोक धरणाऱ्याच्या कमरेला. विहिरीतला गाळ काढणारे असंच करतात. दोघांचा जीव एका दोरावर राहतो, म्हणून कुणी हयगय करत नाही. वीरण्णानं गाठी दोनदा ओढून पाहिल्या, पत्र्याचे डबे मागाहून खाली सोडायला वरच ठेवले आणि तो कड्यावरून खाली सरकला.

सिंधु नाडा सोडत गेली.  खाली कड्याला एक अरुंद कपार होती, आणि त्या कपारीच्या वर वीरण्णा अधांतरी लोंबकळत होता. हीच वेळ!

तिनं कोयता उपसला. झाड आणि कडा यांच्यामधल्या ताणलेल्या नाड्यावर धार टेकवली. त्यानं वर बघावं, हात जोडावेत, मग कापायचं, असं तिनं किती रात्री घोकलं होतं. त्यानं वर पाहिलं. कोयता पाहिला. त्याचे डोळे विस्फारले, पण ते तिच्यावर नव्हतेच.

"करडी!" तो ओरडला. "करडी! करडी!"

सिंधुच्या डोक्यात जाळ झाला. आताही? मरताना सुद्धा तीच थट्टा? तिनं कोयता उचलला. आणि तो वरच राहिला. इथं करडी कुठली? आजूबाजूला नुसता कातळ. करडीचं एक झुडूप नाही, वावर नाही, बांध नाही. मग हा माणूस जीव तोडून कशाला ओरडतोय?

मागं दगड घरंगळला. कुबट वास आला. ती वळली.

अस्वल!

काळं, केसाळ, मागच्या दोन पायांवर उभं. पाण्याच्या वासानं आलं असावं; वाटेत माणूस दिसला आणि चवताळलं. ते धावून आलं. सिंधुनं कोयता फिरवला. मुस्काटावर बसला! अस्वल भेसूर किंचाळलं आणि त्याचा पंजा तिच्या खांद्यावरून फाडत गेला. कोयता उडून दरीत पडला. कमरेची गाठ सोडली तर ती पळू शकत होती. गाठ सुटताच नाडा सुटणार, वीरण्णा खाली आपटणार. कुणी तिला दोष दिला नसता. दोन वर्षं मागितलेलं सगळं असं फुकट समोर आलं होतं! खालून वीरण्णा हातानं खुणावत होता, जा, पळ.

अस्वल पुन्हा उठलं. सिंधुनं गाठ सोडली नाही. तिनं कड्यावरून उडी टाकली.

नाडा करकचला. झाडाच्या वेढ्यानं दोघांचं वजन तोलून धरलं. कंबर तुटते की काय असा हिसका बसला, ती खडकावर आदळली, गरगर फिरली, आणि एका हातानं तिचा दंड घट्ट पकडला. वीरण्णानं कपारीवर पाय रोवून तिला ओढून घेतलं.

वर अस्वल कडा हुंगत राहिलं. माती उकरली. डब्यांचा खडखडाट झाला. मग बऱ्याच वेळानं सगळं शांत झालं.

वीरण्णानं आपलं मुंडासं फाडून तिचा खांदा बांधला. सिंधुनं त्याचा हात धरून थांबवला. "काय ओरडलात तुम्ही?"

"करडी." त्यानं वर बोट केलं. दोन्ही पंजे उगारले, दात दाखवले, अंगावरचे केस दाखवले. "करडी."

"अस्वल?"

"हां. तुमी अस्वला. आमी करडी."

"आमच्यात करडी म्हंजे पीक," सिंधु म्हणाली. " काटे असत्यात. पिवळं फूल. बियाचं तेल काढत्यात."

"कुसुबी?" तो म्हणाला, आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो मटकन बसला. "मी बोललो करडी. तू अप्पाला काय तरी बोलली. अप्पा हसला, गेला. मी समजलो, लई धीट माणूस."

"मग पळालात कामून?"

"माणसं आणाया. कुराड आणाया. आलो, संपला होता. लोकांच्या हातात काठ्या. मी भ्यालो."

खाली डोहाचं पाणी दिसत होतं. सिंधुला आता ती पहाट स्पष्ट ऐकू आली. वीरण्णा म्हणाला होता ‘करडी’. ‘करडीत’ ती म्हणाली होती. कालवडही तिचीच, हाकही तिचीच. दोन वर्षं ज्या तोंडाला ती मारायला शोधत होती, ते तोंड तिचंच होतं. राग अजून तसाच धगधगत होता, फक्त त्याला जायला दुसरी जागा उरली नव्हती.

"सिंधे!" पाणी अजून का आलं नाही म्हणून शोधत आलेल्या शेषेरावाची वरून हाक आली.

धुरपताबाई आणि शेषेरावानं दोघांना वर ओढून घेतलं. त्या माणसाच्या मुंडाशानं बांधलेला पोरीचा रक्ताळलेला खांदा पाहून शेषेरावाचे डोळे भरले. त्यानं त्या अनोळखी माणसाचा हात हातात घेतला. "लई उपकार झाले, पाव्हणं. नाव काय तुमचं?"

"वीरण्णा."

शेषेरावानं हात झटकला. दुसऱ्या क्षणी त्याची कुऱ्हाड वर गेली. "भालकीचा?"

सिंधु मधे उभी राहिली. "काका, ह्यांच्या बोलीत करडी म्हंजे अस्वल. ह्यांनी खरं सांगितलं व्हतं. आबाला करडीत मी धाडलं. मारायचं तर मला मारा."

शेषेरावाची कुऱ्हाड तशीच हवेत होती. धुरपताबाईनं तोंडाला पदर लावला. सिंधु मान ताठ ठेवून वाट बघत होती, आणि तिला खरोखरच वाटत होतं की पडू दे घाव एकदाचा.

"पाप," वीरण्णा मागून पुटपुटला. त्यानं तिच्याकडं बोट केलं. "अय्यो, पाप!"

"पाप म्हणतोस?" शेषेराव कडाडला. "माझ्या लेकराला पापी म्हणतोस?" तो झेपावला.

सिंधुच्या काळजात तो शब्द खोल रुतला होता, कारण तिला तो पटला होता. तरीही तिनं चुलत्याचा हात धरला. "थांबा. आधी इचारू." ती वीरण्णाकडं वळली. "पाप म्हंजे काय तुमच्यात?"

वीरण्णा शब्द शोधू लागला. सापडेना. मग पुढं होऊन त्यानं तिच्या राखेनं माखलेल्या केसांवर हात ठेवला आणि आपल्याच छातीवर हलकेच थोपटलं. "पाप म्हंजे..." तो म्हणाला. "म्हंजे... बिचारी."

शेषेरावाची कुऱ्हाड खाली आली. सिंधु त्या तापल्या कातळावर बसली आणि आबा गेल्यानंतर पहिल्यांदा रडली.