खरी नोट

बँकेच्या तपासणी कक्षात दिवसभर मळक्या, फाटक्या नोटा यायच्या. तपासनीस बाईंचं काम सरळ होतं. खरी असेल ती नोट कापायच्या मशीनमध्ये; खोटी निघेल ती शिक्का मारून पुराव्याच्या कपाटात. हात इतका बसलेला, की गप्पा मारता मारता अंगठा उठावाच्या छपाईवरून फिरायचा आणि निकाल लागायचा.

त्या दुपारी सवयीनं त्यांनी एक नोट खिडकीकडे धरली आणि हात तिथंच थबकला. कोऱ्या भागात, कागदाच्या पोटात, जिथं नेहमीचा चेहरा उमटतो तिथं बबडी होती.

बबडी, त्यांची मुलगी. सातव्या वर्षी तापानं गेलेली. नोटेतली मात्र चांगली बाराची दिसत होती. गालांचा गुबगुबीतपणा गेलेला, नाक बापाच्या वळणावर. असती तर यंदा तेवढीच झाली असती.

“साहेब, जरा बघता का?”

साहेबांनी नोट उजेडात धरली. चष्मा पुसून पुन्हा धरली. “ही पोरगी कोण?”

“माझी बबडी,” बाई म्हणाल्या. म्हणजे साहेबांनाही ती दिसत होती; नुसता भास असता तर परवडलं असतं.

साहेबांनी नोट तिरकी केली. नोटेतला सुरक्षा धागा हिरव्याचा निळा झाला. जांभळ्या दिव्याखाली कागदातले तंतू चमकले. तपासणी यंत्रानंही ती दोनदा पास केली.

“खरीच आहे,” साहेब नजर चुकवत म्हणाले. “खोटी असती तर कपाटात राहिली असती. ही कापावी लागेल, बाई.” आणि ते उठून गेले.

मशीन घरघरत होतं. बाईंनी नोट त्याच्या तोंडाशी नेली. एकदा त्या पोरीला स्मशानात सोडून आल्या होत्या. पुन्हा ते जमणार नव्हतं.

त्यांनी शिक्का उचलला आणि चेहऱ्यापासून लांब, कोपऱ्यात, हलकेच टेकवला.

बनावट.

नोट कपाटात गेली.

“आज स्वारी खुशीत दिसते,” घरी नवरा म्हणाला.

सकाळी येताच त्यांनी कपाट उघडलं. नोट उजेडात धरली.

शिक्का होता. धागा होता.

बबडीनं तोंड फिरवलं होतं.

कागदात आता फक्त तिची पाठ दिसत होती. पाठीवर लांब वेणी. कुणीतरी नुकतीच, अगदी मायेनं घालून दिलेली.